पाच कोर्सचं जेवण

५ जानेवारी, रविवार

आईचं वर्षश्राद्ध आज पार पडलं. पन्नासेक पानं झाली. वाढायला मीच उभा होतो, दुपारपर्यंत पाठीचं पार लाकूड झालं. अकरा वर्षं आई अंथरुणावर होती, ती जाऊन वर्ष झालं. आता तरी जरा हातपाय पसरायला मिळतील असं वाटलं होतं.

पण अक्काचं बघायला हवं. ठमाबाई, माझी थोरली बहीण, पोयनाडला दिराच्या मुलांकडे असते. मांडीचं हाड मोडल्यापासून तिला उचलून बसवावं लागतं आणि त्या घरात ती कोणाला नकोशी झाली आहे. आज तिला रिक्षातून आणलं होतं. पंगत उठल्यावर मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की फेब्रुवारीपासून अक्का आमच्याकडे राहणार. अक्का रडली. भाऊबंदांनी मान डोलावली. अक्काला मी फोनवर आधीच कळवलं होतं, ती लगेच तयार झाली होती. काय सांगून तयार केलं ते इथे लिहीत बसत नाही, हात दुखतोय.

माझी बायको मैना तेव्हा उष्टी काढत होती. संध्याकाळी भांडी फडताळात लावता लावता म्हणाली, "आणा तुम्ही अक्कांना. मी नेत्राकडं पनवेलला जाते."

"किती दिवस?"

"दिवस न्हाय. राहायलाच जाते."

मी हसलो. बायकोने चाळीस वर्षांनी रुसायचं ठरवलं तर हसायचं नाही तर काय करायचं? चार दिवस लेकीकडे राहील, जावयाच्या घरी करमणार नाही, येईल परत.

८ जानेवारी, बुधवार

नेत्राने आणि जावई निकेतने आमची बोटीची तिकिटं काढली. मुंबईहून कोची, गोवा आणि परत मुंबई, पाच रात्री. मला विचारलंही नाही. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आईने मला सगळं सांगितलंय. घरात तुमचं बोलणं होत नाही. निदान तिथे समोरासमोर बसून बोला."

काय बोलायचं ते मात्र सांगितलं नाही.

वही सोबत घेतो. कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलरवर होतो. शिफ्ट सुटताना नोंदवही भरून पुढच्याच्या हाती द्यायची, ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. घडलं तेच लिहायचं, वेळ टाकायची, आपलं मत लिहायचं नाही. हल्ली मतं फार शिरतात.

१२ जानेवारी, रविवार. बोटीवर

सकाळी रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला, पुढे टॅक्सी. मैनेने दोन पिशव्या आणल्यात, एक बोटीसाठी आणि एक पनवेलसाठी. पनवेलची तिने उघडली नाही, पलंगाखाली सारली. मीही विषय काढला नाही.

बोट बंदराबाहेर पडल्यावर खांदेरी किल्ल्यावरच्या दीपस्तंभाचा दिवा दिसला. मैनेने विचारलं, "आपलं गाव कंच्या अंगाला?" मी हात करून दाखवलं. तिने जरा वेळ पाहिलं आणि आत गेली.

जेवणाला टेबल ठरलेलं आहे, दोघांचंच. वाढायला क्रांती म्हणून आमच्याच बाजूच्या काशीदची बाई, चाळिशीची असेल. आमचं बोलणं ऐकून आम्ही तिकडचेच हे तिने लगेच ओळखलं आणि काका-काकी सुरू केलं. कार्ड इंग्रजीत होतं म्हणून तिने समजावलं. "पाच कोर्स हायत काका. सूप, स्टार्टर, सॅलड, मग जेवण आणि गोड. पाची घ्या न्हायतर एकच घ्या, पैसे तेवढेच."

कोर्स म्हणजे मला आयटीआयचा दोन वर्षांचा ठाऊक, नाहीतर गोळ्यांचा पाच दिवसांचा. म्हटलं, "पाची आण, पण एकदम आण. एकाच ताटात."

"तसं न्हाय आणत काका. एक संपलं की दुसरं."

सूप आलं. टोमॅटोचं सार, बिनफोडणीचं. तीन मिनिटांत संपवलं. मग बसलो वाट बघत. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही हालचाल नाही. शेजारच्या टेबलावर ताटल्या येत होत्या, जात होत्या. पाव तासाने क्रांतीला हाक मारली आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, आम्हाला विसरलात का?

ती खाली वाकून हळूच म्हणाली, "काका, काकींचं सूप तसंच हाय. टेबलावरच्या सगळ्यांचं झाल्याबिगर पुढचं आणायचं न्हाय, असा इथला नियम हाय."

पाहिलं तर मैनेने चमचाही उचलला नव्हता. हात मांडीवर ठेवून बसली होती.

"अगं, खात का नाहीस?"

"तुमचं होऊ दे की. मग बसते मी."

"बसलेलीच तर आहेस!"

तिला स्वतःलाच हसू आलं. मग तिने सूप घेतलं. गार झालेलं सूप ती एक एक चमचा चव घेत खात होती आणि मला बघत बसण्याखेरीज काही काम नव्हतं. मैनेला जेवताना मी असं समोर बसून कधी पाहिलेलंच नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. घरी माझं झालं की मी हात धुऊन पडवीत जातो. कुठे बघावं तेच कळेना.

जेवण सुरू ७.३५, समाप्त ९.२०. एवढ्या वेळात आमच्या कँटीनमध्ये तीन शिफ्टची माणसं जेवून गेली असती.

१३ जानेवारी, सोमवार

दिवसभर नुसतं पाणी. सोमवार म्हणून दोघांनीही शाकाहारी सांगितलं.

संध्याकाळी मी युक्ती केली. कार्ड आलं तसं म्हटलं, "मला फक्त मेन. एकच कोर्स." वाटलं, आटोपेल अर्ध्या तासात. मैना शांतपणे म्हणाली, "मला पाची."

काल रात्री तिने गोड अर्धं टाकलं होतं. घरात पानात शीत राहिलं तरी जिचा जीव तुटतो, ती ही बाई! पण तिने पाचच मागवले आणि माझं गणित फसलं. माझा एकुलता कोर्स तिच्या चौथ्याबरोबर आला. तोवर मी पाणी पीत बसलो. म्हणजे मी एक घ्या नाहीतर पाच घ्या, वेळ तिच्याच हातात. चौतीस वर्षं यंत्र चालवून हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आणि ती बोलते. जेवताना बोलायचं नाही ही आमच्या घरची रीत, वडिलांपासूनची. सूप आल्यावर म्हणाली, "आई गेल्या त्याच्यानंतर मी बसून जेवायला लागले, ठाऊक हाय का?"

"म्हणजे काय, आधी उभी जेवायचीस?"

"व्हय. ओट्याशी. बसलं का आई हाक मारायच्या. उठताना गुडघे दुखायचे. मग उभ्यानंच आटपायची."

हे मला ठाऊक नव्हतं. पण आता सांगून काय उपयोग? मी म्हटलं, जेवताना असले विषय नकोत.

सॅलड आल्यावर तिच्या आईचं निघालं. पालीला सासूबाई वारल्या तेव्हा मैना तिसऱ्या दिवशी पोचली होती. मी आठवण करून दिली की तेव्हा माझी सलग नाइट चालू होती, आईपाशी कोण बसणार होतं?

"हां," ती म्हणाली. "तेच. कोण बसणार होतं."

भांडत नाही, रडत नाही. एक एक सांगते आणि मग गप्प होऊन माझ्याकडे बघत बसते. आता जणू माझी पाळी आहे. मला तर सांगण्यासारखं काही नाही. शेवटी मी पंखे किती, दिवे किती ते मोजत बसलो.

सुरू ७.४०, समाप्त ९.३०. जेवणाने माणूस दमतो हे पहिल्यांदा अनुभवलं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

कोची पाहिलं. खूप चालणं झालं, मैनेचे गुडघे सुजले. ती लंगडत होती, पण थांबू या म्हणाली नाही, म्हणून मीही थांबलो नाही.

संध्याकाळी सांगितलं, "तू जा खाली. मी वरती बुफेत काहीतरी खाऊन घेतो." बुफे बरा. ताट भरलं, खाल्लं, अकरा मिनिटांत मोकळा. उरणचे दिनानाथ म्हणून भेटले, त्यांचे ट्रक आहेत. त्यांनाही बायकोने खालच्या हॉटेलात बसवलं होतं म्हणे, तेही पळून आले होते. दोघे हसलो.

साडेआठला मैनेला आणायला गेलो. काचेच्या दारातून पाहिलं. ती एकटीच बसली होती आणि घरून आणलेले तिळाचे लाडू क्रांतीच्या हातावर ठेवत होती. क्रांती काहीतरी म्हणाली आणि मैना हसली. तोंडावर हात न धरता, खांदे हलवून हसली. असं हसताना तिला शेवटचं कधी पाहिलं ते आठवलं नाही.

मी आत गेलो नाही. गेलो असतो तर हसू थांबलं असतं, असं काहीसं वाटलं. खोलीत येऊन पडलो.

१५ जानेवारी, बुधवार

आज जेवायला गेलो. नाही गेलो तर लेकीला कळेल आणि तिचं ऐकून घ्यावं लागेल. मीही पाच कोर्स सांगितले. उपाशी बसून बघण्यापेक्षा खाल्लेलं बरं.

स्टार्टरला तिने विचारलं, "अक्कांना रोज उचलणार कोण?"

"बाई ठेवू."

"आईंच्या येळेला पण बाई ठेवायची होती."

त्या वेळी बाई मिळाली नाही, हे खरं आहे. नीट शोधली का, तर तसं नाही. मैना करतेच आहे म्हणून राहिलं.

सॅलड संपवलं. मग सुरमई आली. मैनेने काटे काढत काढत, मान खाली घालून विचारलं, "अक्कांना तुम्ही काय म्हणून सांगितलंत?"

"काय म्हणून म्हणजे? ये म्हटलं."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने हात थांबवला. माझ्याकडे पाहिलं. क्रांतीला वाटलं तिचं झालं, म्हणून ती ताटली उचलून घेऊन गेली. सुरमईचा अर्धा तुकडा तसाच होता. मैनेचं तिकडे लक्षच नव्हतं.

"अजून गोड यायचं हाय," ती म्हणाली. "तवर आठवतं का बघा."

मला राग आला. मी काय शाळेतला पोर आहे? गोड आलं, थरथरणारं दुधाचं काहीतरी. मी दोन घासांत संपवलं. मैनेने इतका वेळ लावला की आजूबाजूची टेबलं रिकामी झाली, माणसं टेबलांवरच्या चादरी बदलायला लागली. शेवटचा चमचा तोंडाकडे नेताना ती पुन्हा थांबली आणि म्हणाली, "काय न्हाय ना सांगायचं?"

"नाही," मी म्हटलं. "सांगितलं ना एकदा."

तिने चमचा खाल्ला. आम्ही उठलो.

थकलो. खरंच थकलो आहे. आधी आई, आता अक्का, त्यात बोटीवर ही उलटतपासणी. बहिणीला उघड्यावर टाकू का? चांगलंच करतोय ना मी? सगळ्यांना मैनेचे गुडघे दिसतात, माझ्या थकण्याचं कोणाला काही नाही. एक गोष्ट मनात येते, ती लिहिणार नाही.

सुरू ७.३५, समाप्त ९.५०.

१६ जानेवारी, गुरुवार

गोवा झालं. बोटीवरची शेवटची रात्र.

आज चमत्कारच झाला. क्रांती कार्ड घेऊन आली तर मैनेने ते उघडलं नाही. म्हणाली, "गुरुवार हाय. डाळ-भात आन."

"आणि सूप, काकी?"

"नको."

"गोड तरी घ्या. आज शेवटचा दिवस. खास हाय."

"न्हाय गं बाय. एकच. झालं माझं."

क्रांतीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मलाही तेच. बघ, शिकली तुझी काकी!" क्रांती हसली नाही.

डाळ-भात आला. मैनेने माझ्यासाठी थांबायचं नाटक केलं नाही. सरळ जेवायला लागली आणि माझ्याबरोबरच संपवलं. एक शब्द नाही. नजर नाही. कशी सुटसुटीत झाली जेवणं! हेच पहिल्या दिवसापासून केलं असतं तर एवढी दमणूक झाली नसती. उठताना तिने क्रांतीच्या गालावरून हात फिरवला.

सुरू ७.४०, समाप्त ८.०५.

समजूत पटलेली दिसते. घरी गेल्यावर अक्काला आणायला गाडी सांगायला हवी. मागच्या खोलीत आईचा पलंग आहेच.

१७ जानेवारी, शुक्रवार. घरी

बोट सकाळी लागली. नेत्रा आणि निकेत गाडी घेऊन आले होते. मैनेने दोन्ही पिशव्या गाडीत ठेवल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. मी दार धरून उभा राहिलो. म्हटलं, अगं, लाँच चुकेल.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "डब्यात पीठ हाय. सिलिंडर नवा लावलाय."

रागाने म्हणाली नाही. शेजारणीला सांगावं तसं म्हणाली.

नेत्रा मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, बोललात ना तुम्ही?"

"रोज दोन-दोन तास!"

"तुम्ही काय बोललात, ते विचारतेय."

एवढं बोलून ती गाडीत बसली. गाडी गेली. लाँचमध्ये बसून ही वही चाळली. मैना काय म्हणाली ते पानोपानी आहे. माझं म्हणावं असं: 'एकदम आण', 'असले विषय नकोत', 'बाई ठेवू', 'नाही'. एवढंच.

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. खिचडी टाकली, खाली लागली. तीच खाल्ली.

१९ जानेवारी, रविवार

कालचा दिवस लिहिण्यासारखा नव्हता. शेजारची गोदू दोनदा विचारून गेली, काकी कधी येणार? सांगितलं, येईल.

आज सकाळी अक्काचा फोन आला. आवाजात एवढा आनंद की मला ऐकवेना. "दत्ता, मैनेला दे जरा. तिला इचारायचं हाय, माझं पातेलं आणू का नको."

म्हटलं, मैना पनवेलला आहे.

"कवा येणार?"

मी पातेल्याकडे विषय वळवला. अक्का आजारी असली तरी खुळी नाही. ती म्हणाली, "दत्ता, तू मला सांगितलंस का मैनाच मागं लागलीय. अक्कांना आना, अक्कांना आना, म्हनून तिनं तुझ्या मागं धोशा लावलाय. त्या बोलीवर मी व्हय म्हटलं. तुझ्या बोलीवर न्हाय."

होय, मी तसं सांगितलं होतं. या वहीत लिहिलं नव्हतं. अक्का मानी आहे, भावाच्या दयेवर आली नसती. भावजयीने बोलावलं तर येईल, हे मला ठाऊक होतं. म्हणून मैनेच्या नावावर सांगितलं. मैनेला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि विचारलंच नाही म्हणजे नाही म्हणण्याचा प्रश्न नाही. तेव्हा हे फार हुशारीचं वाटलं होतं. आता लिहिताना लाज वाटते.

अक्का म्हणाली, "आधी तिला इचार. मग मला सांग. मी पडूनच हाय, मला कसली घाई?"

दिवसभर पडवीत बसून राहिलो. संध्याकाळी मैनेला फोन लावला. कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही, धीर गेला असता. सरळ म्हटलं, "मी अक्काला खोटं सांगितलं. तूच बोलावतेस म्हणून सांगितलं."

"ठाऊक हाय," मैना म्हणाली.

"कधीपासून?"

"श्राद्धाच्या दिवसापासून. अक्का सैपाकघरात माझा हात धरून रडल्या. तुझ्यासारखी भावजय कुनाला मिळत न्हाय म्हणाल्या. काय बोलणार होते मी त्यांच्या तोंडावर?"

"मग बोटीवर का नाही बोललीस? पाच दिवस होते."

"मी बोलून काय? तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून तर पाच-पाच मागवत होते. म्हटलं, सुपाला न्हाय तर माशाला सांगाल. माशाला न्हाय तर गोडाला. मला कुठं जात होतं तेवढं? पोट दुखायचं माझं."

मी म्हटलं, "आता सांगितलं ना. चुकलो. मग कधी येतेस?"

तिकडे निकेतने टीव्ही लावला होता, त्याचा आवाज येत राहिला. मग मैना म्हणाली, "कधी येतेस म्हणालात. येतेस का, असं न्हाय इचारलंत." आणि फोन ठेवला.

पुन्हा लावला. उचलला नाही.

सकाळी पहिल्या एसटीने पनवेलला जातो. येतेस का, असं विचारणार आहे. अक्काचंही विचारणार आहे, आणि नाही म्हणाली तर अक्काला तसंच सांगणार आहे. लिहायला सोपं आहे. पण मनात भीती बसली आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मला तिचं उत्तर आधीपासून ठाऊक नाही.